राजा परांजपे यांचे चित्रपट पुन्हा पाहताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी नामवंत वक्ता बोलवावा, ही आपली आजवरची प्रथा. यंदा चिटणीसबाईंनी ती मोडली आणि घरचीच बाई उभी केली. त्यामागे काटकसर किती आणि कौतुक किती, ते त्यांनाच ठाऊक! विषयही त्यांनीच दिला. गेल्या आषाढापासून दर दुसऱ्या शनिवारी दुपारी तीन वाजता आपण या सभागृहात राजा परांजपे यांचे जुने बोलपट पाहत आलो. 'त्यातून आपल्या पदरी काय पडले ते सांगा,' असा त्यांचा हुकूम. मी काही चित्रपटांची जाणकार नव्हे. शाळेत चाळीस वर्षे मुलांना शुद्धलेखन घातले, एवढीच माझी पुंजी. तेव्हा उणे-अधिक असेल ते पदरात घ्यावे.

आपल्यातल्या पुष्कळजणींनी हे चित्रपट पूर्वी पाहिलेले आहेत. पण पाहिले कसे? मी स्वतः 'लाखाची गोष्ट' पहिल्यांदा पाहिला तो गिरगावात, चाळीच्या गणेशोत्सवात. रस्त्याच्या मधोमध पांढरा कापडी पडदा ताणलेला. पुढची जागा पुरुषांनी आणि मुलांनी अडवलेली. आम्ही बायका आणि मुली पडद्याच्या मागच्या बाजूला. मागून चित्र दिसते सारे, पण उलटे. पाटीवरची अक्षरे उलटी, पुरुष डाव्या हाताने जेवणारे, बायकांचा पदर भलत्याच खांद्यावर. तेव्हा साठ वर्षांनंतर, इथे कात्रपला, आपल्याच सभागृहात, आपल्याच खुर्च्यांवर बसून आम्ही तो सरळ बाजूने पाहिला, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. कोणाच्या तरी नातवाने मोबाईल दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडून दिला, मध्ये दोनदा वीज गेली, तेवढ्यात चहा झाला. एकंदरीत व्यवस्था चांगली होती.

आता प्रथम या माणसाविषयी थोडेसे. राजा परांजपे, म्हणजे चित्रसृष्टीतले राजाभाऊ, यांचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेला झाला. कोल्हापूर ही त्या काळी मराठी चित्रपटाची पंढरी. तिथे भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. १९४८ साली 'जिवाचा सखा' आला आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव लोकांच्या तोंडी झाले. १९५० साली 'पुढचं पाऊल', त्यात पु. ल. देशपांडे आणि हंसा वाडकर. पुढची पंधरा-सोळा वर्षे म्हणजे त्यांचा भरभराटीचा काळ. ९ फेब्रुवारी १९७९ रोजी ते वारले. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, सुधीर फडक्यांचा गळा आणि चाल, आणि राजाभाऊंची नजर असे ते त्रिकूट होते. त्यातल्या दोघांनी १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' दिले आणि ते घरोघर पोहोचले, म्हणून माडगूळकर-फडके ही नावे आपण एका श्वासात घेतो. तिसरे नाव मात्र आपल्या मुलासुनांना सांगावे लागते. यात त्यांचा दोष नाही. दिग्दर्शक हा स्वयंपाकघरातल्या बाईसारखा असतो. पंगत उठते ती वाढप्याचे कौतुक करीत.

पण राजाभाऊ नुसते पडद्यामागे राहिले नाहीत. आपल्या बहुतेक चित्रपटांत ते स्वतःही असत. रूप म्हणाल तर नायकाचे नव्हे. अंगकाठी साधी, चेहरा शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांसारखा. हाच चेहरा कधी हसवी, कधी रडवी, आणि कधी त्याच्याविषयी संशयही वाटावा असा होई. विनोदी चित्रपट काढणारा माणूस करुण चित्रपट काढतो तेव्हा त्यातही हमखास एक विदूषक घुसवतो, आणि करुणरसाचा अधिकारी विनोदाकडे वळला की तो मध्येच डोळे पुसू लागतो. राजाभाऊंचे तसे होत नाही. ज्या वर्षी 'लाखाची गोष्ट' त्याच वर्षी, १९५२ साली, 'पेडगावचे शहाणे'. दोन वर्षांनी 'ऊन पाऊस'. मग 'गंगेत घोडं न्हालं'. १९६० मध्ये 'जगाच्या पाठीवर'. १९६४ मध्ये 'पाठलाग'. एका हाताच्या या जिनसा आहेत हे सांगितल्यावाचून कळू नये.

'लाखाची गोष्ट' ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट. दोन कफल्लक मित्र, दोन मुली, आणि एका मुलीचा श्रीमंत बाप. बाप भावी जावयाला पैज घालतो की ठरल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखव, तर मुलगी देतो. आणि गंमत अशी की खर्च करायला जावे तो पैसा संपेचना. राजा गोसावी आणि राजाभाऊ यांनी त्यात जी धमाल केली आहे, तिच्यावर काही बोलणे म्हणजे लाडवाची चव तोंडाने वर्णन करणे. आपल्या मंडळातल्या धाकट्या सुना त्या दिवशी प्रथमच आल्या होत्या. त्यातली एक पटकन म्हणाली, "काकू, लाख रुपये खर्चायला एवढी मुदत कशाला? आमच्या जागेचे टोकन भरताना पाच मिनिटांत गेले!" सारे सभागृह हसले. पण मी घरी जाऊन हिशेब केला. १९५२ साली तोळाभर सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते. म्हणजे ते लाख रुपये म्हणजे हजार तोळ्यांच्या वरचे सोने! आता कळेल की तो बिचारा घामाघूम का झाला.

त्या चित्रपटातल्या दोन मुली, चित्रा आणि रेखा, या खरोखरीच्या सख्ख्या बहिणी, पूर्वाश्रमीच्या सुखटणकर. पुढे चित्रा नवाथे आणि रेखा कामत या नावांनी त्या आपल्याला परिचित झाल्या. रेखाबाईंनी ज्या ग. रा. कामतांशी लग्न केले त्यांचीच ही कथा. त्या दोघीही आता नाहीत. रेखाबाई २०२२ च्या जानेवारीत गेल्या, चित्राबाई २०२३ च्या जानेवारीत. आम्ही त्यांना आज्या म्हणूनच ओळखणाऱ्या मुलींना त्या दिवशी दाखवले, की आजीसुद्धा एके काळी पडद्यावर किती नखरेल दिसत असे!

एक गोष्ट मात्र मला तेव्हा, म्हणजे पडद्यामागून पाहताना, खटकली नव्हती. ती आता खटकली. मुलीचे मन जडलेले आहे. ती कोणाशी लग्न करणार हे तिला ठाऊक आहे. तरी सगळी पैज बापाची आणि जावयाची. लाखभर रुपयांची एवढी उलाढाल होते, त्यातला एक रुपया मुलीच्या हातात देऊन 'तू खर्च करून दाखव' असे कोणी म्हणत नाही. आपल्यापैकी एकीने ते अचूक सांगितले : "तिच्याकडे दिले असते तर चित्रपट अर्ध्या तासात संपला असता. तिने ते शिल्लक टाकले असते."

'पेडगावचे शहाणे' हा माझा सर्वांत आवडता. आपल्याकडे 'वेड पांघरून पेडगावला जाणे' ही म्हण आहे. ते पेडगाव खरोखरीचे गाव आहे, श्रीगोंदे तालुक्यात, भीमेच्या काठी. या चित्रपटात वेड्यांच्या इस्पितळातून निसटलेला एक गृहस्थ एका सुखवस्तू कुटुंबात येऊन राहतो आणि त्या घरातल्या शहाण्यांना हळूहळू वळणावर आणतो. ते काका राजाभाऊंनीच रंगवले आहेत. हिंदीतही त्यांनी १९५३ साली हीच कथा 'चाचा चौधरी' नावाने केली. हा चित्रपट पाहताना आपण पोटभर हसतो आणि घरी जाताना वाटेत जरा गप्प होतो. कारण प्रत्येक घरात एक असे माणूस असते, ज्याचे खरे बोलणे 'त्याचे काय मनावर घेता' म्हणून उडवून लावले जाते. बहुधा ती एखादी म्हातारी असते.

'जगाच्या पाठीवर' आम्ही भर पावसात पाहिला. त्या दिवशी उल्हास नदीला पाणी चढले होते, म्हणून स्टेशनकडल्या आणि पश्चिमेकडच्या भगिनी आल्या नाहीत. २००५ चा २६ जुलै आणि २०१९ सालचा जुलै ज्यांनी इथे काढला आहे, त्यांना पाऊस धरला की घर सोडवत नाही. आम्ही सतरा-अठराजणीच होतो. एक कंगाल, भणंग माणूस आणि एक आंधळी मुलगी यांची ती कथा. आंधळी मुलगी म्हणजे सीमा. त्या वेळी तिने केलेले डोळ्यांचे काम पाहा. न दिसणारे डोळे दाखवण्यासाठी तिने डोळे विस्फारले नाहीत की वर फिरवले नाहीत. ती नुसती ऐकते. माणूस ऐकताना कसे दिसते, ते तिने दाखवले. आणि मग तुरुंगात मागावर बसून त्या भणंगाने म्हटलेले गाणे, ज्याचे शब्द मी इथे म्हणणार नाही, कारण आपण सगळ्याजणी ते माझ्या आधी म्हणू लागाल. माडगूळकरांनी माणसाच्या आयुष्याचे वस्त्र विणले ते तिथे. आपल्यातल्या कितीतरीजणी उल्हासनगरहून शिलाईचे काम घरी आणतात, नगावर पैसे मिळतात, रात्री बारापर्यंत यंत्र चालते. त्यातली एक ते गाणे चालू असताना दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती. तिचे हात मी पहिल्यांदाच रिकामे पाहिले.

'सुवासिनी'वरून मात्र आपले भांडण झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. १९६१ चा तो चित्रपट. सीमाच त्यात आहे, आणि गाणी तर अवीट. पतीची वाट पाहणे हेच ज्या स्त्रीचे आयुष्य, तिची ती कथा. वडीलधाऱ्या भगिनींचे डोळे भरून आले. धाकट्यांपैकी एक उठून म्हणाली, "इतकी वाट का पाहायची? तोवर तिने काही शिकायचे होते." त्यावर आमच्या एका आजींना राग आला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाट पाहणे म्हणजे आळस वाटतो. माझे यजमान बोटीवर होते. वाट पाहता पाहता मी तीन मुले मॅट्रिक केली." मला विचाराल तर, चित्रपटात दोष आहे. सोसणे हे दागिन्यासारखे घालून मिरवले आहे, आणि शेवटी ते बक्षिसासारखे फेडले आहे. प्रत्यक्षात सोसल्याचे बक्षीस मिळतेच असे नाही. पण आजींचे म्हणणेही खोटे नाही. चित्रपटाने वाट पाहणारी बाई दाखवली आणि वाट पाहताना ती जे काम उपसते ते दाखवले नाही. भांडण पुढच्या शनिवारपर्यंत चालले, आणि ते चांगलेच झाले. ज्या चित्रपटावरून कोणी भांडत नाही, तो साठ वर्षांनी कोण पाहणार?

'हा माझा मार्ग एकला' याविषयी थोडक्यातच सांगते. १९६३ सालचा तो. त्यात चिमुकला सचिन पहिल्यांदा पडद्यावर आला; 'अशी ही बनवाबनवी' करणारा सचिन तो हाच. राजाभाऊ त्यात दारूने मोडलेला माणूस झाले आहेत. आपल्या काही भगिनींना तो शेवटपर्यंत पाहवला नाही, आणि का ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन बसल्या. आम्ही आवाज कमी केला.

आता 'पाठलाग'. हा भयकथेचा, रहस्याचा चित्रपट. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो बेतलेला आहे. डॉक्टर काशीनाथ घाणेकर नायक. रंगभूमीवरच्या संभाजीने तेव्हा महाराष्ट्र वेडा केला होता. नायिका भावना, आणि दत्ता डावजेकरांचे संगीत. १९६४ चा उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, आणि दोनच वर्षांनी राज खोसला यांनी त्याच कथेवर हिंदीत 'मेरा साया' काढला. 'मेरा साया' पाहिलेल्या शंभर आहेत, पण तो आपल्या मराठीवरून उचललेला आहे हे त्यातल्या दहाजणींनाही ठाऊक नव्हते. शेवट सांगत नाही, कारण काहीजणींचा तो पाहायचा राहिला आहे. कथा एवढीच की नायकाची पत्नी मरण पावलेली आहे, तिचे दुःख त्याला आवरत नाही. आणि पोलिसांनी पकडलेली एक स्त्री पुढे येऊन म्हणते, 'मीच तुमची पत्नी.' रूप तेच. पण तो मानत नाही. मग न्यायालयात तिला एकेक खूण सांगावी लागते. नवरा-बायकोखेरीज तिसऱ्याला ठाऊक असू नये असे काही ती भर न्यायालयात बोलते.

लहानपणी हा चित्रपट पाहून आम्ही रात्री मोरीत एकट्या जात नसू. आता भीती वाटली ती निराळी. मी मी आहे, हे बाईने सिद्ध कसे करायचे? आपल्यातल्या एका भगिनीचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. एका बँकेत त्यांचे जोडखाते. शाळेच्या दाखल्यावर तिचे माहेरचे नाव, लग्नात बदललेले दुसरे, शिधापत्रिकेवर तिसरेच, कारण लिहिणाऱ्याने घाईत चुकवलेले. या तिन्ही बायका एकच, हे पटवण्यात तिचे आठ महिने गेले. ती मला म्हणाली, "ताई, त्या पिक्चरमधल्या बाईला निदान वकील तरी होता."

म्हणून 'पाठलाग' झाल्यावर आम्ही चहा बाजूला ठेवून एक काम केले. प्रत्येकीने आपली कागदपत्रे आणून नावे ताडून पाहिली. एकतीसजणींपैकी एकोणीसजणींच्या नावात कुठे ना कुठे फरक निघाला. राजपत्रातून नाव दुरुस्त करून घेण्याचे काम आता आपल्या मंडळातर्फे चालू आहे, ते चिटणीसबाईंच्या अहवालात येईलच. जागेच्या कागदांचेही तसेच. बाईच्या नावाने घर घेतले तर मुद्रांकशुल्कात एक टक्का सवलत महाराष्ट्रात २०२१ पासून आहे, हे कित्येकींना प्रथमच कळले. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचे नाव सरकारी कागदावर येते, हे ऐकून आमच्या आजी म्हणाल्या, "साठ वर्षे उशीर झाला, पण येऊ द्या."

शेवटी 'ऊन पाऊस'. १९५४ चा. हा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण याच्याविषयी बोलणे जड जाते. एक शाळामास्तर आणि त्यांची पत्नी. मास्तर म्हणजे राजाभाऊ, पत्नी म्हणजे सुमती गुप्ते. आयुष्यभर सचोटीने राहिले, मुले वाढवली. मुले मोठी झाली, आणि म्हातारपणी आईबाप हे ओझे झाले. घरातल्या भांड्यांसारखी त्यांची वाटणी झाली, आणि जन्मभर एका छपराखाली राहिलेल्या त्या दोघांची ताटातूट झाली. या कथेने मराठीची सीमाही ओलांडली; कानडीत १९५८ साली आलेला 'स्कूल मास्टर' हा हिच्यावरूनच घेतलेला. पुढे या धर्तीचे कितीतरी चित्रपट निघाले, मोठमोठे नट त्यात रडले. पण सुमतीबाई रडत नाहीत. सामान बांधताना बाई जशी सारखी काहीतरी विसरल्यासारखी आत जाते, तेवढेच त्यांच्या वागण्यात आहे. मास्तरांच्या पेशात मी स्वतः जन्म काढला, म्हणून असेल, पण मला राजाभाऊंचे काम त्या दिवशी नीट पाहताच आले नाही.

चित्रपट संपला. एरवी सगळ्या एकदम बोलतात. त्या दिवशी कोणी बोलेना. दिवा लावला तरी एक भगिनी उठेना. जे सांगते आहे ते तिच्या परवानगीने सांगते, आणि नाव सांगणार नाही. तिला दोन मुलगे. एक इथे कात्रपला, एक अंबरनाथला. दोघांच्याही जागा लहान, दोन खोल्यांच्या वर नाहीत. मुलगे वाईट नाहीत, सुनाही वाईट नाहीत. हे ती तीनदा म्हणाली. तेव्हा सोयीने असे ठरले की आई इकडे राहील, कारण इथे नातू लहान आहे आणि सांभाळायला माणूस हवे. आणि वडील तिकडे राहतील, कारण त्यांचे औषधपाणी तिथल्या दवाखान्यात आहे. सणाला सगळे एकत्र जमतात. अशी चार वर्षे झाली. रात्री साडेनऊला ते दोघे फोनवर बोलतात. काय बोलता, असे कोणी विचारले. ती म्हणाली, "काय बोलणार! ते विचारतात, काय भाजी होती. मी सांगते. मग मी विचारते."

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये आगगाडीने किती वेळ लागतो, ते आपण जाणताच.

आपल्यात कायदा जाणणाऱ्या एक भगिनी आहेत. त्यांनी सांगितले की २००७ सालचा आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मुलांकडून मिळू शकतो. शिवाय सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. मात्र ती अट कागदावर लिहिलेली असावी. 'ऊन पाऊस'मधल्या मास्तरांना यातले काही उपलब्ध नव्हते. हे प्रत्येकीने लिहून ठेवावे, म्हणून इथे मुद्दाम सांगते. घर नावावर करून देण्याच्या आधी लिहून ठेवावे, नंतर नव्हे.

परंतु ती भगिनी ऐकून घेऊन म्हणाली, "अर्ज कोणावर करू? कोणी उपाशी ठेवलेले नाही मला. कायद्यात नवऱ्याबरोबर चहा प्यायचा अर्ज आहे का?" यावर कायदा जाणणाऱ्या भगिनीही निरुत्तर झाल्या.

मग पुढच्या सभेत कार्यकारिणीपुढे एक सूचना आली : चित्रपटाच्या शनिवारी ज्यांना इच्छा असेल त्यांनी यजमानांना बरोबर आणावे. तिला कडाडून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत मी होते. हे सभागृह बायकांचे आहे. गावात देऊळ, कट्टा, स्टेशनसमोरचे बाकडे, सगळीकडे पुरुष बसलेले. इथे आपण मोकळेपणाने हसतो, पाय पसरून बसतो, सुनेच्या आणि सासूच्या तक्रारी करतो. पुरुष आले की खुर्च्या पुढे कोण घेणार आणि चहा कोण करणार, हे मी तुम्हाला सांगायला नको. पडद्याच्या मागे बसण्याचे दिवस मी विसरलेले नाही. त्या मतावर मी अजून आहे. तथापि ठराव दुरुस्त होऊन आला तेव्हा मी हात वर केला. दुरुस्ती अशी : महिन्यातल्या फक्त एका शनिवारी, फक्त चित्रपटापुरते, पुरुषांनी मागच्या दोन रांगांत बसावे, आणि त्या दिवशीचा चहा त्यांनी करावा.

गेले तीन महिने हे चालू आहे. पहिल्या खेपेला चारच गृहस्थ आले. चहा पातळ झाला, पण झाला. अंबरनाथहून येणारे ते काका दोनच्या गाडीने येतात, म्हणजे तासभर आधी. दार उघडलेले नसले तर दोघे बाहेर पायरीवर बसतात. नियम मागच्या रांगेचा असल्यामुळे तीही आता मागच्या रांगेत बसते. पुढे ये म्हटले तर ऐकत नाही. 'गंगेत घोडं न्हालं' पाहताना ते काका इतके मोठ्याने हसले की पुढच्या रांगेतून 'हळू' म्हणून ओरडावे लागले. तिने मात्र त्यांना हळू म्हटले नाही.

आणखी एक घडले. कात्रपच्या मुलाने, म्हणजे तिच्याच मुलाने, मागच्या वेळी स्वतः येऊन वडिलांना स्टेशनवर पोहोचवले. वाटेत काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारलेही नाही. जागा आहे तेवढीच आहे. पण दिवाळीनंतर वडील महिनाभर इकडे राहतील, असे तिने परवा भाजी निवडताना सांगितले. औषधाची चिठ्ठी इथल्या दवाखान्यात चालते की नाही, ते पाहून येणार होती.

तेव्हा चिटणीसबाई, पदरी काय पडले ते हे असे आहे. थोडे हसू, एक भांडण, एकोणीस नावांची दुरुस्ती, आणि महिन्यातला एक शनिवार. राजाभाऊंना यातले काय अभिप्रेत होते, कोण जाणे.

एक सूचना देऊन माझे भाषण संपवते. पुढच्या शनिवारी 'पुढचं पाऊल' आहे. तीन म्हणजे तीन वाजता सुरू होईल. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उशी घरून आणावी, आणि ज्यांचे यजमान येणार आहेत त्यांनी साखरेचा डबा कुठे ठेवलेला आहे ते त्यांना आधीच दाखवून ठेवावे.